वेगमर्यादा, महामार्गावरील

वेगमर्यादा, महामार्गावरील : सार्वजनिक रस्त्यावरून वाहन चालविताना ओलांडता न येणारा, कायद्याने ठरवून दिलेला कमाल वेग. काही द्रुतगती मार्गांवर किमान वेगही ठरविलेला असतो. काही ठिकाणी मर्यादा केवळ शिफारशीच्या स्वरूपाची असते, तर काही ठिकाणी ती पाऊस, धुके, रात्र वा ऋतू यांनुसार बदलते. वेगमर्यादा हा वाहनाच्या क्षमतेचा प्रश्न आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रत्यक्षात एकच मोटारगाडी एकाच दिवसात ताशी १२०, १००, ७० व ५० किमी. अशा निरनिराळ्या मर्यादांखालून जाते आणि त्या काळात तिच्या यंत्रात काहीच फरक पडलेला नसतो. बदलतो तो रस्ता, त्याच्या कडेची वस्ती आणि त्यावर वावरणारी इतर माणसे व जनावरे. वेगमर्यादांचा इतिहास म्हणजे वाहनावरून रस्त्याकडे सरकत गेलेल्या या विचाराचाच इतिहास होय. रस्त्याकडून त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसांपर्यंत मात्र हा विचार अद्याप पूर्णपणे पोहोचलेला नाही.

यांत्रिक वाहनांवरील वेगमर्यादेचे पहिले महत्त्वाचे कायदे ग्रेट ब्रिटनमध्ये झाले. वाफेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी १८६१ च्या कायद्याने खुल्या रस्त्यावर ताशी १० मैल व शहरांत ५ मैल, अशी मर्यादा घालण्यात आली. १८६५ च्या कायद्याने ती अनुक्रमे ४ व २ मैलांपर्यंत खाली आणली आणि गाडीच्या पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे, असे बंधन घातले. घोडे बुजू नयेत हा यामागील एक हेतू होता. म्हणजे अगदी आरंभीच्या काळातही मर्यादा ठरत होती ती गाडीपेक्षा रस्त्यावरील दुसऱ्या घटकाकडे पाहून. १८९६ मध्ये हलक्या मोटारींना ताशी १४ मैलांची मुभा मिळाली व १९०३ च्या मोटार कायद्याने ती २० मैल झाली. ही मर्यादा कोणीच पाळत नाही म्हणून १९३० मध्ये मोटारींवरील मर्यादा साफ काढून टाकण्यात आली. अपघाती मृत्यूंच्या संख्येमुळे १९३४ च्या कायद्यान्वये वस्तीच्या भागापुरती ३० मैलांची (सु. ४८ किमी.) मर्यादा पुन्हा आणावी लागली. ती मार्च १९३५ पासून लागू झाली. खुल्या रस्त्यांवर ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये प्रयोग म्हणून आली व १९६७ मध्ये कायम झाली.

प्रादेशिक वैचित्र्य : जगातील महामार्गांवरील मर्यादांमध्ये जी विविधता दिसते, तिचे मूळ भूगोलात जितके आहे तितकेच राजकारणात व अर्थकारणातही आहे. जर्मनीच्या ‘ऑटोबान’ या द्रुतगती मार्गांच्या मोठ्या भागावर मोटारींना सर्वसाधारण कमाल मर्यादा नाही. १९७८ पासून ताशी १३० किमी. ही केवळ शिफारस आहे. १९७३ च्या तेलटंचाईत तेथे काही महिने १०० किमी.ची मर्यादा घालण्यात आली होती. मार्च १९७४ मध्ये ती उठविण्यात आली. त्याच टंचाईमुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जानेवारी १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैलांची कमाल मर्यादा आली. तिचा हेतू इंधन वाचविणे हा होता, सुरक्षितता हा नव्हे. ग्रामीण आंतरराज्य मार्गांवर १९८७ मध्ये ती ६५ मैलांपर्यंत शिथिल करण्यात आली आणि १९९५ मध्ये रद्द होऊन हा अधिकार राज्यांकडे परत गेला. त्यानंतर मोंटॅना या विरळ वस्तीच्या राज्याने दिवसा मोटारींसाठी आकड्याऐवजी ‘वाजवी व विवेकपूर्ण’ वेगाचा निकष पुन्हा लागू केला. वाजवी म्हणजे नेमके किती, याचा बोध चालकाला होत नाही, या कारणावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तो अवैध ठरविला व १९९९ मध्ये ७५ मैलांचा आकडा आला. टेक्सस राज्यातील एका टोल रस्त्याच्या काही भागावर २०१२ पासून ८५ मैलांची (सु. १३७ किमी.) मर्यादा आहे, ती त्या देशातील सर्वांत मोठी होय. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशात २००६ अखेरपर्यंत खुल्या महामार्गांवर मर्यादाच नव्हती. १ जानेवारी २००७ पासून १३० किमी.ची मर्यादा आली. आयल ऑफ मॅन बेटावर वस्तीबाहेरील अनेक रस्त्यांना अद्यापही सर्वसाधारण मर्यादा नाही.

हवामानाशी निगडित मर्यादाही उल्लेखनीय आहेत. फ्रान्समधील द्रुतगती मार्गांवर कोरड्या हवेत १३० किमी. व पावसात ११० किमी. अशी दुहेरी मर्यादा असते. सर्वांत चमत्कारिक उदाहरण एस्टोनियातील हिमरस्त्यांचे आहे. कडक हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून बेटांकडे जाणारे तात्पुरते रस्ते तेथे आखले जातात. त्यांवरून ताशी २५ किमी.पेक्षा कमी किंवा ४० ते ७० किमी. यांदरम्यानच्या वेगाने जावे, मधल्या वेगाने जाऊ नये, असा दंडक आहे. चालत्या गाडीच्या भाराने बर्फाखालील पाण्यात लाट उत्पन्न होते आणि विशिष्ट वेगाला ती गाडीबरोबरच चालू लागून बर्फ फोडू शकते, हे त्याचे कारण. याच रस्त्यांवर आसनपट्टा बांधण्यास मनाई असते, कारण बर्फ फुटल्यास गाडीतून झटकन बाहेर पडता आले पाहिजे. इतरत्र जीव वाचविणारा नियम येथे उलटा होतो. मर्यादा स्थानानुसार का ठरावी, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

भारत : १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने तपशीलवार नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे सोपविला होता. मोटारींची संख्या वाढून रस्त्यांची दुर्दशा होऊ लागल्यावर १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानंतर केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला व १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्‌स काँग्रेस’ ही रस्ते अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सर्व देशासाठी एकच चौकट आणली. त्याच्या ७१ व्या कलमात वेगमर्यादेची तरतूद होती व आठव्या अनुसूचीत वाहनांचे वर्ग दिलेले होते. हे वर्ग वाहनाचे वजन, चाकांना हवा भरलेल्या धावा आहेत की भरीव रबर, मागे जोडगाडी ओढली जाते की नाही, यांवर आधारलेले होते. थोडक्यात, मर्यादा वाहनाला चिकटलेली होती. ते कोणत्या रस्त्यावरून चालले आहे याला अनुसूचीत स्थान नव्हते.

रस्त्यांच्या वर्गीकरणाचा पाया विदर्भात घातला गेला, ही गोष्ट येथे विशेष सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या प्रांतांच्या व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते अशी विभागणी केली. ‘नागपूर योजना’ या नावाने ती ओळखली जाते. तिचा उद्देश पैसा व देखभालीची जबाबदारी वाटून देणे हा होता. वेगाशी तिचा थेट संबंध नव्हता. तथापि पुढे अभियंत्यांनी रस्त्याच्या प्रतीनुसार व भूप्रदेशानुसार ‘आराखडा वेग’ ठरविण्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा हेच वर्गीकरण उपयोगी पडले. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या १९८० च्या मानकानुसार राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी आराखडा वेग सपाट प्रदेशात ताशी १०० किमी., उंचसखल प्रदेशात ८०, डोंगराळ प्रदेशात ५० व तीव्र चढणीच्या प्रदेशात ४० किमी. धरला जातो. नाइलाज असेल तेथे तो अनुक्रमे ८०, ६५, ४० व ३० किमी.पर्यंत खाली आणण्याची मुभा आहे. सह्याद्रीतील घाटरस्ते व वैनगंगेच्या खोऱ्यातील सपाट रस्ते यांच्यातील फरक या आकड्यांत स्पष्ट उमटलेला दिसतो.

१ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वेगमर्यादेविषयीचे कलम ११२ वे आहे. कमाल मर्यादा केंद्र शासनाने अधिसूचित करावयाची, तर सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय अथवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन राज्य शासनाने किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याने विशिष्ट रस्त्यापुरती निराळी मर्यादा घालावयाची, अशी ही दुपेडी रचना आहे. राज्याला केंद्राची मर्यादा ओलांडता येत नाही. खाली मात्र येता येते. अशी मर्यादा राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते व रस्त्यावर फलक उभारावे लागतात. निर्बंध एका महिन्याहून अधिक काळासाठी नसेल, तर राजपत्रातील अधिसूचनेची आवश्यकता नसते. या शेवटच्या तरतुदीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. यात्रा, बाजार, पिकांची काढणी अशा हंगामी प्रसंगी तिचा उपयोग करता येण्यासारखा आहे.

६ एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने वाहनाचा वर्ग व रस्त्याचा वर्ग या दोहोंची सांगड घातली. चालकाखेरीज आठपर्यंत आसने असलेल्या मोटारींसाठी प्रवेशनियंत्रित द्रुतगती मार्गावर ताशी १२० किमी., दुभाजक असलेल्या चार वा अधिक पदरी रस्त्यावर १०० किमी., तसेच नगरपालिका हद्दीत व इतर सर्व रस्त्यांवर ७० किमी. अशी कमाल मर्यादा तीत आहे. नऊ वा अधिक आसनांच्या उतारू वाहनांसाठी हे आकडे १००, ९०, ६० व ६० आहेत. मालवाहू वाहनांसाठी ते ८०, ८०, ६० व ६० आहेत. मोटारसायकलींना चारपदरी रस्त्यावर ८० व इतरत्र ६०, तर तीनचाकी वाहनांना ५० किमी.ची मर्यादा आहे. रस्ते व इंजिने सुधारली आहेत, हे या वाढीचे मुख्य समर्थन होते. ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द ठरवून २०१४ च्या अधिसूचनेतील मर्यादांकडे वळण्याचा आदेश दिला. इंजिन सुधारले तरी वाहन चालविणाऱ्यांची शिस्त सुधारलेली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तथापि त्यानंतर सुरू झालेल्या समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी १२० किमी. हीच मर्यादा जाहीर करण्यात आली.

महाराष्ट्र : राज्यातील मर्यादांची तफावत या महामार्गाच्या निमित्ताने ठळकपणे पुढे आली. यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००० पासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन २००२ मध्ये पूर्ण झाला. सु. ९४·५ किमी. लांबीच्या या मार्गावर अनेक वर्षे ८० किमी.ची मर्यादा होती. केंद्राने १२० किमी.ची मुभा दिल्यावरही राज्याने २०१९ मध्ये मोटारींसाठी सपाट भागात १०० किमी. व बोरघाटात ५० किमी. असे आकडे निश्चित केले. घाटातील मर्यादा पुढे ६० किमी. करण्यात आली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किमी. लांबीचा असून त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याचा आराखडा वेग सपाट भागात १५० किमी. आहे, मोटारींना परवानगी मात्र १२० किमी.ची व घाटभागात १०० किमी.ची आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूवर मोटारींना १०० किमी.पर्यंत जाता येते. त्याच्या चढ-उताराच्या जोडरस्त्यांवर मात्र ४० किमी.च आहे. यांपैकी कोणत्याही मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. मोठी मर्यादा शक्य होते ती हे दुर्बल घटक बाहेर ठेवल्यामुळे, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या रस्त्यांवर त्यांना बाहेर ठेवता येत नाही, तेथील प्रश्न अधिक अवघड आहे.

भंडारा जिल्हा या दृष्टीने बोधप्रद आहे. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा पूर्वीचा क्र. ६ चा राष्ट्रीय महामार्ग २०१० च्या फेरक्रमांकनात हाजिरा-पारादीप या क्र. ५३ च्या मार्गात समाविष्ट झाला. तो भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडून लाखनी, साकोली व देवरीमार्गे रायपूरकडे जातो. समृद्धी महामार्गावरून ताशी १२० किमी. वेगाने नागपूरला पोहोचलेली मोटार या महामार्गाच्या चारपदरी भागावर १०० किमी.च्या मर्यादेत येते. नागपूरपासून सु. १०० किमी.वरील साकोली येथे महामार्ग सोडून तालुक्यातील एकोडीसारख्या गावाच्या रस्त्याला लागल्यावर, निराळा फलक नसेल तर, ती ‘इतर रस्ते’ या वर्गात म्हणजे ७० किमी.च्या मर्यादेत येते. अधिसूचनेच्या दृष्टीने या वर्गात महानगराबाहेरील रुंद रस्ता आणि धानाच्या बांध्यांमधून जाणारा गावरस्ता यांत काहीच भेद नाही.

भेद वस्तुतः मोठा आहे. भंडारा हा तलावांचा व भाताचा जिल्हा. पावसाळ्याच्या आरंभी रोवणीसाठी मजुरांचे तांडे, दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणीच्या वेळी ट्रॅक्टर व बैलगाड्या, एरवी चराईला निघालेली जनावरे, सायकलीवरून शाळेला जाणारी मुले, या सर्वांची वाट तीच असते. धान वाळत घालण्यासाठी रस्त्याची कडा वापरण्याची रीतही या भागात आहे. वाहन थांबविण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वाढीपेक्षा अधिक झपाट्याने वाढते. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या १९७६ च्या मानकात चालकाच्या प्रतिसादासाठी २·५ सेकंद धरून हे अंतर ताशी ३० किमी. वेगाला ३० मी., ५० किमी.ला ६० मी., ६५ किमी.ला ९० मी., ८० किमी.ला १२० मी. व १०० किमी.ला १८० मी. असे दिले आहे. दिव्यांच्या खालच्या झोतात रात्री रस्ता दिसतो तो यांतील मोठ्या अंतरांहून पुष्कळच कमी. मागे तांबडा दिवा किंवा परावर्तक नसलेली बैलगाडी ७० किमी. वेगाने येणाऱ्या चालकाला दिसेपर्यंत थांबण्यापुरती जागा उरलेली नसते. अशा रस्त्यावर ७० हा आकडा कायद्याने निर्दोष असला, तरी रात्रीच्या वेळी तो निरर्थक ठरतो.

या उणिवेवर खेड्यांनी शोधलेला उपाय म्हणजे गतिरोधक. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेनुसार गतिरोधक ३·७ मी. रुंद, १७ मी. त्रिज्येचा गोलाकार व मध्यभागी १० सेंमी. उंच असावा, तो ताशी सु. २५ किमी. वेगाने सुखाने ओलांडता यावा. त्याच्या आधी सूचनाफलक व अंगावर पांढरे पट्टेही अपेक्षित असतात. गावाने एखाद्या अपघातानंतर घाईने घातलेला उंचवटा बहुधा यापेक्षा अरुंद व उंच असतो आणि त्यावर रंगाचा मागमूस नसतो. त्यामुळे मोटारसायकलस्वार त्यावर आपटतात, रुग्णवाहिका रेंगाळते. अभियंते त्याला अनधिकृत ठरवितात व ते बरोबरही आहे. परंतु अधिकृत यंत्रणेने ११२ व्या कलमाखाली त्या पट्ट्यासाठी ३० वा ४० किमी.ची मर्यादा व फलक वेळेवर दिले असते, तर गावाने फावडे हाती घेतले नसते, हेही तितकेच खरे आहे. अशा गतिरोधकाला प्रादेशिक वेगमर्यादेचा अलिखित प्रकार म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

याच तालुक्याच्या परिसरात माणसाइतकाच वन्यप्राण्यांचाही प्रश्न आहे. नागझिरा व नवेगाव या वनांचा समावेश असलेला व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. या दोन वनांमधील प्राण्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा साकोली-देवरी यांदरम्यान महामार्ग ओलांडतात. अशा ठिकाणी दोन मार्ग संभवतात : वेग कमी करणे किंवा प्राण्यांची वाट रस्त्यापासून वेगळी करणे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने ‘पँथर’ या दुर्मिळ मार्जारासाठी काही रस्त्यांवर रात्रीपुरती ४५ मैलांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात दुसरा मार्ग अधिक अनुसरला गेला. नागपूर-सिवनी या क्र. ४४ च्या महामार्गावर पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी मार्गाखालून वाटा ठेवण्यात आल्या आहेत. त्यांतील सर्वांत रुंद वाट ७५० मी. आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने केलेल्या पाहणीत वाघासह अनेक प्राणी या वाटांचा वापर करीत असल्याचे आढळले. हा उपाय परिणामकारक असला तरी अतिशय खर्चिक आहे. गावरस्त्यांवर तो परवडणारा नाही. तेथे वेग कमी करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मर्यादा निश्चित करण्याची शास्त्रीय म्हणून मानली गेलेली एक पद्धत म्हणजे ‘८५ शतमक’ पद्धत. मोकळ्या रस्त्यावर १०० पैकी ८५ वाहने ज्या वेगाने किंवा त्याहून कमी वेगाने जातात, तो वेग मर्यादेसाठी आधार धरतात. बहुसंख्य चालक स्वतःहून योग्य तो वेग निवडतात, हे तिचे गृहीतक आहे. द्रुतगती मार्गावर ते बऱ्याच अंशी टिकते. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर मात्र या मोजणीत पायी चालणाऱ्याचे मत येतच नाही. ज्याला धोका आहे तोच मोजदादीबाहेर राहतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली व त्यांपैकी ७१·२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. पोलीस पंचनाम्यात ‘अतिवेग’ हे कारण सोयीचे असल्याने तेच लिहिले जाते, हे गृहीत धरूनही हे प्रमाण भयावह आहे.

अंमलबजावणीची साधने प्रामुख्याने मोठ्या रस्त्यांसाठीच विकसित झाली आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारित नियंत्रणव्यवस्था सुरू झाली. १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने अतिवेगाबद्दल हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रु. व मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,००० रु. दंडाची तरतूद केली. ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या बहुतेक वाहतूक वाहनांना ताशी ८० किमी.वर वेग रोखणारे वेगनियंत्रक सक्तीचे आहेत. शाळेच्या गाड्या, टँकर व डंपर यांच्यासाठी ही सीमा ६० किमी. आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांत वेगाची सूचना देणारी घंटी बसविणे बंधनकारक झाले. ती ८० किमी.च्या पुढे अधूनमधून व १२० किमी.च्या पुढे अखंड वाजते. ७० किमी.ची मर्यादा असलेल्या रस्त्यांवर, म्हणजे एकोडीसारख्या गावांतून जाणाऱ्या बहुसंख्य रस्त्यांवर, मर्यादा ओलांडल्यावरही ती पुढचे १० किमी. वाजत नाही.